झाकण मिटल्याची खूण

इंदूरमधल्या मराठी घरांत साठी ओलांडलेल्या माणसाच्या हातात मोबाइल दिसला, तर तो बहुधा डायरीच्या घाटाच्या, मिटता येणाऱ्या कव्हरात असतो. नातवंडांच्या फोनला पाठीवर बसणारे पारदर्शक आवरण पुरते, पण आजी-आजोबांना स्क्रीनवर झाकण हवे असते; त्या झाकणाच्या आतल्या कप्प्यात आधार कार्ड, डॉक्टरांच्या वेळांची चिठ्ठी, अडीअडचणीला शंभराची नोट आणि मल्हारी मार्तंडाचा लहानसा फोटो एवढा संसार सहज मावतो. जेल रोडवरच्या डॉलर मार्केटमध्ये अशी कव्हरे ढिगांनी टांगलेली असतात. त्यांतली काही ‘स्मार्ट’ म्हणून विकली जातात, म्हणजे झाकण मिटले की स्क्रीन विझावी आणि उघडले की उजळावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात काहींच्या बाबतीत तसे घडते, काहींच्या बाबतीत घडत नाही आणि काहींच्या बाबतीत भलत्याच वेळी घडते. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे राजेंद्रनगरात आमच्या गल्लीतली अशी प्रत्येक तक्रार फिरून माझ्याकडे येते. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू भौतिकशास्त्राच्या बाईंना दुरुस्त करता येते, हा समज खोडून काढण्याचा प्रयत्न मी केव्हाच सोडून दिला आहे.

या तक्रारींच्या मुळाशी एकच गृहीतक असते: फोनला आपले कव्हर दिसते. तसे काहीही नसते. फोनला झाकण दिसत नाही, ते उघडे आहे की मिटलेले हेही दिसत नाही. त्याच्या कडेजवळच्या एका ठरावीक जागी चुंबकीय क्षेत्र एका मर्यादेच्या वर गेले, एवढीच गोष्ट त्याला कळते आणि त्यावरून ‘झाकण मिटले असावे’ असे अनुमान तो काढतो. ती खूण खरोखर झाकणातल्या चुंबकाने केली, पर्सच्या बटणाने केली की फ्रिजवर चिकटवलेल्या आंब्याने केली, हे ओळखण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. जो खूण करील त्याचे तो ऐकतो. एवढे ध्यानात ठेवले, की बहुतेक तक्रारींचा छडा बसल्या जागी लागतो.

ही खूण टिपणारा भाग म्हणजे हॉल सेन्सर. १८७९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या संशोधक विद्यार्थ्याने काचेवर बसवलेल्या सोन्याच्या पातळ वर्खातून वीजप्रवाह सोडला आणि तो वर्ख शक्तिशाली चुंबकाच्या क्षेत्रात ठेवला. तेव्हा प्रवाहाच्या आडव्या दिशेला, वर्खाच्या दोन कडांमध्ये, अतिशय सूक्ष्म असा विद्युतदाब निर्माण झालेला त्याला आढळला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून १८ वर्षे होती. म्हणजे वर्खातून नेमके काय वाहते आहे आणि चुंबक नेमके कोणाला बाजूला ढकलतो आहे, हे माहीत नसतानाच हा परिणाम हाती आला. आज वर्खाच्या जागी सिलिकॉन आहे आणि सारा कारभार एक-दोन मिलिमीटरांच्या चिपमध्ये मावतो.

आमच्या घरापासून कॅट रोडने पुढे गेले, की राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लागते. तिथल्या ‘इंडस-२’ या सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने फिरतात, आणि त्यांची वाट वळवायला १६ मोठी द्विध्रुवी चुंबके लागतात, ज्यांचे क्षेत्र सुमारे दीड टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) जाते. अशा चुंबकांच्या क्षेत्राचा बारीक नकाशा काढण्यासाठी जगभर वापरला जातो तो हॉल प्रोब, आणि तत्त्व तेच, सोन्याच्या वर्खाचे. फरक असा, की प्रोब क्षेत्र किती आहे ते आकड्यात सांगतो, तर फोनमधल्या सेन्सरला आकडा सांगण्याची मुभाच नसते. तो फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणतो. क्षेत्र काही मिलिटेस्लांच्या वर गेले की ‘आहे’, आणि त्याहून थोड्या खालच्या दुसऱ्या मर्यादेखाली उतरले की ‘नाही’. दोन मर्यादा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात, कारण एकच ठेवली असती तर झाकण जरा हलताच स्क्रीन लुकलुकत राहिली असती. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र मध्य भारतात साधारण ४५ मायक्रोटेस्ला, म्हणजे या मर्यादेच्या कित्येक पटींनी खाली असते, म्हणून फोन कोणत्याही दिशेला फिरवला तरी झोपी जात नाही.

झाकणाची ही युक्ती मोबाइलवाल्यांची मूळची नव्हे. लॅपटॉप मिटला की झोपतो, तोही बहुधा चुंबक आणि हॉल सेन्सरच्या जोडीमुळेच. अँड्रॉइड ज्या लिनक्स या संगणक प्रणालीवर उभे आहे, तिच्यात ‘झाकण मिटले’ अशी नोंद करणारा एक स्विच त्यासाठीच आहे, आणि अनेक अँड्रॉइड फोन कव्हरासाठी तोच वापरतात. मनगटावर चुंबकी पट्ट्याचे घड्याळ घालून लॅपटॉपवर टाइप करणाऱ्या माझ्या भाचीचा लॅपटॉप मधूनच मान टाकत असे आणि ती बॅटरीला दोष देत असे, त्याचे कारण हेच. कव्हराच्या बाजूने या युक्तीला लोकप्रियता मिळाली ती २०११ साली आयपॅड-२ बरोबर आलेल्या स्मार्ट कव्हरमुळे. नंतर २०१३ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस-४ साठी झाकणाला खिडकी पाडली, आणि २०१४ मध्ये एलजीने गोल खिडकी, तर एचटीसीने ठिपक्याठिपक्यांची जाळी आणली.

आता तक्रारी. सर्वांत नेहमीची म्हणजे ‘झाकण लावले तरी उजेड जात नाही’. इथे पहिला प्रश्न असा, की फोनमध्ये सेन्सर आहे का. स्वस्त फोनांमध्ये तो पुष्कळदा नसतोच, आणि दुकानात कव्हर विकताना हे कोणी सांगत नाही. “मैग्नेट है ना मॅडम, चिपकेगा,” असे उत्तर मला एका दुकानात मिळाले होते, आणि ते अक्षरशः खरे होते: चुंबक होता, पण तो झाकणाची पट्टी चिकटून राहावी म्हणून होता. बंद ठेवणारा चुंबक आणि खूण करणारा चुंबक या वेगळ्या गोष्टी आहेत. कव्हरात दोन्ही असतील किंवा एकच असेल, आणि असलेला चुंबक सेन्सरच्या जागेपासून दूर असेल तर तो असून नसल्यासारखा. सेन्सर आहे की नाही हे तपासण्याची साधी रीत म्हणजे स्क्रीन चालू ठेवून तारेच्या इअरफोनचे बोंडूक फोनच्या पुढच्या बाजूने कडेकडेने हळूहळू फिरवणे. त्या बोंडकात लहान पण तगडा चुंबक असतो. एखाद्या जागी स्क्रीन पटकन विझली, तर सेन्सर आहे, चालू आहे आणि तिथेच आहे, अशी तिन्ही उत्तरे एकदम मिळतात. फोनमधली माहिती चुंबकीय रूपात साठवलेली नसते, त्यामुळे फोटो पुसले जातील ही भीती बाळगण्याचे कारण नाही. सॅमसंगच्या अनेक फोनांत डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश असे दाबले की तपासणीचा तक्ता उघडतो आणि पुष्कळ मॉडेलांत त्यात हॉल आयसीची, म्हणजे या सेन्सरच्या चिपची, चाचणीही असते.

इअरफोनने स्क्रीन विझते पण कव्हराने विझत नाही, असे झाले तर दोष कव्हराचा. कव्हर दुसऱ्या मॉडेलचे असते, मापात बसते म्हणून दिलेले असते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत सेन्सरची जागा वेगळी असू शकते. किंवा कव्हर जुने होऊन आतला गोंद सुटलेला असतो आणि चुंबक रेक्झिनच्या थरांमध्ये सरकलेला असतो. बोटाने दाबून पाहिले तर तो कडक ठिपका हाताला लागतो. इंदूरच्या मे महिन्यात गाडीत राहिलेल्या फोनांच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिले आहे. उन्हाने चुंबक मेला, असे लोक म्हणतात, पण साधा निओडिमियम चुंबकही साधारण ८० अंशांपर्यंत टिकून राहतो. त्याच्या कितीतरी आधी गोंद हार खातो. स्क्रीनवर लावलेल्या काचेला मात्र उगाच दोष दिला जातो. काच चुंबकाला अडवत नाही आणि तिची जाडी जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर असते. अंतराचा परिणाम होतो हे खरे, आणि तो फार वेगाने होतो, कारण लहान चुंबकाचे क्षेत्र थोड्या अंतरानंतर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते: अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठवा हिस्सा उरते. म्हणून कप्प्यात जाडजूड कार्डे कोंबून झाकण फुगले, की सेन्सरला चुंबक पुरेसा जवळ येत नाही. काच निर्दोष, आधार कार्ड दोषी, असा निवाडा मी एकापेक्षा जास्त घरांत दिला आहे.

माझ्या आत्याची तक्रार याच्या उलट होती आणि तिने मला पुष्कळ विचार करायला लावला. ती पुण्याच्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलत असताना स्क्रीन अचानक काळी होई, कधी लगेच उजळे, कधी नाही. आणि “मुलगी रागावून फोन ठेवते” असा तिचा पक्का समज झाला होता. फोनच्या दुकानाने स्क्रीन बदलायला सांगितले होते. आत्या फोन धरते कसा, हे पाहिल्यावर उलगडा झाला. ती झाकण पूर्ण मागे दुमडून, फोनच्या पाठीला टेकवून हातात धरते. त्या स्थितीत झाकणातला चुंबक पुन्हा त्याच सेन्सरच्या समोर येतो, फक्त मागच्या बाजूने. सेन्सरला पुढचा चुंबक आणि मागचा चुंबक यांत फरक करता येईल असे वाटते, पण कागदावर बाण काढून पाहिले तर दिसते, की झाकण पूर्ण फिरल्यामुळे चुंबकाचे तोंड दोन्ही वेळा एकाच दिशेला राहते आणि सेन्सरपाशी क्षेत्राची दिशाही तीच येते. फरक उरतो तो अंतराचा. पुढून दोन-तीन मिलिमीटर, तर मागून फोनची आणि कव्हराची जाडी धरून दहाच्या आसपास. साध्या चुंबकाच्या बाबतीत हे अंतर पुरेसे असते, पण आत्याच्या कव्हरातला चुंबक गरजेपेक्षा जोरदार होता, त्यामुळे बोटांची पकड घट्ट झाली की क्षेत्र वरची मर्यादा ओलांडी आणि पकड सैल झाली की खालच्या मर्यादेखाली उतरे. मुलीचा राग आत्याच्या बोटांत होता.

बोलताना स्क्रीन काळी होण्याचे आणखी एक कारण असते आणि ते कव्हराच्या माथी मारले जाते, म्हणून ते वेगळे काढले पाहिजे. साध्या कॉलमध्ये फोन कानाला लावला की स्क्रीन विझवणारा प्रॉक्झिमिटी सेन्सर हा निराळा भाग आहे; तो सामान्यतः अदृश्य इन्फ्रारेड किरण सोडून ते परत येतात का हे पाहतो. झाकणाची कड त्याच्यावर आली किंवा तिथे तेलकट बोट फिरले, तरी स्क्रीन काळीच राहते. ओल्या फडक्याने काच पुसल्यावर तक्रार गेली, तर चुंबकाचा काही संबंध नव्हता असे समजावे. ज्यांच्या फोनमध्ये हॉल सेन्सर नसतो त्यांच्यासाठी याच प्रॉक्झिमिटी सेन्सरवर काम भागवणारी अ‍ॅप्स मिळतात, पण त्यांना झाकण आणि खिसा यांतला फरक कळत नाही आणि ती बॅटरीही खातात. मी ती कोणाला सुचवत नाही.

आत्याच्या फोनवर उपाय सेटिंग्जमध्ये होता, आणि लोक सर्वांत जास्त अडखळतात ते इथेच, कारण हे बटण प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणी ठेवते. कुठे ते डिस्प्लेमध्ये असते, कुठे लॉक स्क्रीनमध्ये, कुठे अ‍ॅक्सेसरीज किंवा अतिरिक्त सेटिंग्जच्या पोटात. सिस्टिम अपडेट झाल्यावर ते घर बदलते आणि क्वचित आपोआप चालू किंवा बंदही होते. सेटिंग्जच्या वर असलेल्या शोधाच्या चौकटीत ‘कव्हर’ लिहून पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग. काही फोनांत हे बटणच नसते: सेन्सर असेल तर तो नेहमीच चालू, आणि मग कव्हर बदलण्यावाचून किंवा चुंबक काढून टाकण्यावाचून इलाज नसतो. आत्याच्या फोनमध्ये बटण होते, ते मी बंद केले. आता ती बाजूच्या बटणाने स्क्रीन विझवते आणि कव्हर तसेच राहिले आहे.

ही सेटिंग म्हणजे त्या खुणेला किती अधिकार द्यायचा याचा निर्णय असतो, असे मला वाटते. स्क्रीन नुसती विझवणे आणि उजळवणे हा लहान अधिकार; उघडताच लॉक काढून थेट आत नेणे हा मोठा. पिन, पॅटर्न किंवा बोटाचा ठसा लावलेला असेल, तर झाकण उघडल्यावर स्क्रीन उजळते पण फोन लॉक मागतोच, आणि तसेच असायला हवे. पुष्कळ ज्येष्ठांना हे जाचक वाटते. रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस घेऊन झाल्यावर एका हातात दोना आणि दुसऱ्या हाताने फोन उघडून क्यूआर स्कॅन करायचा, त्यात पिन कुठे आठवत बसणार, असे आमच्या शेजारच्या वहिनी म्हणतात आणि त्यांनी लॉकच काढून टाकले आहे. त्यांना मी एवढेच सांगते, की झाकणाला कुलूप समजू नये, कारण ते उघडणाऱ्याचा हात कोणाचा हे फोनला कळत नाही. हा दुवा किती नाजूक असतो याचा दाखला २०११ मध्ये मिळाला. आयओएस ५ वर चालणाऱ्या आयपॅड-२ मध्ये, बंद करण्याची खात्री विचारणारी पट्टी स्क्रीनवर असताना स्मार्ट कव्हर मिटून उघडले, तर पासकोड न विचारताच स्क्रीन समोर येत असे. त्याच वर्षी ५.०.१ या अपडेटने ती फट बुजवली. चुंबकाने आपले काम चोख केले होते. त्याच्या खुणेला कोणत्या क्षणी किती मान द्यायचा हे ठरवण्यात सॉफ्टवेअर चुकले होते.

खिडकीवाल्या कव्हरांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांत झाकण मिटल्यावर फक्त खिडकीपुरती स्क्रीन चालू ठेवायची असते, म्हणून हे झाकण कोणत्या जातीचे आहे हे फोनला कळावे लागते, आणि ते नुसत्या चुंबकाने कळत नाही. कंपनीच्या कव्हरात त्यासाठी ओळख पटवणारी चिप असते. बाजारातल्या नकलेला खिडकी असते, चुंबक असतो, चिप नसते. त्यामुळे झाकण मिटले की सगळी स्क्रीन विझते आणि खिडकीतून काळोख दिसतो. सेटिंग्जमध्ये कितीही शोधले तरी यावर उपाय सापडणार नाही, कारण चिप दिसल्याशिवाय ती सेटिंग फोन दाखवतच नाही.

झाकणातल्या चुंबकाचा उपद्रव आणखी एका ठिकाणी होतो. फोनमध्ये होकायंत्राचे काम करणारा मॅग्नेटोमीटर असतो आणि त्याला पृथ्वीचे ते ४५ मायक्रोटेस्लांचे क्षेत्रच मोजायचे असते. शेजारी कव्हराचा चुंबक बसला की नकाशातला निळा झोत राजवाड्याऐवजी भलत्याच दिशेला वळतो. लोक मग फोन हवेत आठाच्या आकारात फिरवत बसतात. त्या फिरवण्याने थोडीफार चूक सुधारते, पण झाकण उघडे, मिटलेले आणि मागे दुमडलेले अशा प्रत्येक स्थितीत चुंबक वेगळ्या जागी असतो, त्यामुळे एका स्थितीत केलेली सुधारणा दुसऱ्या स्थितीत निरुपयोगी ठरते. हा प्रश्न जुनाच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागला हलवावे लागले, आणि तिथली इमारत पोरबंदरच्या दगडाची, लोखंड टाळून तांब्या-पितळेच्या जोडकामाने उभारली गेली. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली झालेल्या या स्थलांतरामागचा विचार आपल्यालाही लागू आहे: उपद्रव करणाऱ्या वस्तूशी जुळवून घेण्यापेक्षा तिच्यापासून दूर जावे. दिशा पाहायची असेल तेव्हा फोन कव्हरातून काढावा.

एटीएम कार्ड चुंबकाने खराब होईल का, हे हमखास विचारले जाते. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या अखेरीपर्यंत चुंबकीय पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यास सांगितले होते, आणि चिपला या चुंबकाचे काही वाटत नाही. हॉटेलच्या खोलीचे पट्टीवाले कार्ड मात्र कव्हरात ठेवू नये, त्याची पट्टी फार हळवी असते.

अधिक गंभीरपणे सांगण्याची गोष्ट आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या निमित्ताने समोर आली. त्यांना पेसमेकर बसवलेला आहे, डाव्या कॉलरबोनच्या खाली, आणि फोन ते शर्टाच्या डाव्या खिशात ठेवत, चुंबकी पट्टीच्या कव्हरात. पेसमेकरमध्येही चुंबक ओळखणारा एक स्विच मुद्दाम ठेवलेला असतो. डॉक्टरांनी छातीवर चुंबक धरला, की साधारणपणे तो हृदयाचे स्वतःचे ठोके विचारात न घेता ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो, आणि शॉक देणाऱ्या डिफिब्रिलेटरच्या बाबतीत चुंबक जवळ असेतो शॉक देणे सहसा थांबते. तपासणी आणि शस्त्रक्रिया यांच्या वेळी ही सोय आवश्यक असते. पण त्या यंत्रालाही फोनइतकेच कळते: चुंबक आला. तो डॉक्टरांनी आणला की कव्हरातून आला, हे त्याला सांगणारे कोणी नसते. २०२० साली आयफोन १२ बरोबर चुंबकांचे कडे फोनच्या पाठीतच आले, तेव्हापासून अ‍ॅपलची सूचना अशी आहे, की फोन आणि अशी यंत्रे यांत १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवावे. मी काकांना फोन पॅंटच्या खिशात ठेवायला सांगितले आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना कव्हर दाखवायला सांगितले. डॉक्टरांनी कव्हर बदलायला लावले नाही. फोन छातीजवळच्या खिशात ठेवू नये आणि बोलताना तो उजव्या कानाला लावावा, एवढेच त्यांनी बजावले.